ते दोन कण अंतराळातून आले की आपल्याच हवेत तयार झाले? हे ठरवायला कामी आला एक जुना हिशोब

केजीएफ म्हटलं की हल्ली डोळ्यासमोर येतो तो रॉकी भाई, त्याची दाढी आणि धुळीनं माखलेली खाण. पण कर्नाटकातल्या कोलारच्या खऱ्याखुऱ्या सोन्याच्या खाणीत १९६५ साली एक वेगळाच ऐवज सापडला होता. तो दिसत नव्हता, हातात धरता येत नव्हता आणि सराफ बाजारात त्याला कोणी दारातही उभं केलं नसतं. तो शोधणाऱ्यांमध्ये पुढे होती मुंबईत कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी असलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजेच टीआयएफआर.

तो ऐवज होता न्यूट्रिनो. हा कण इतका अलिप्त असतो की सूर्याकडून येणारे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात आणि नखाला त्याचा पत्ताही लागत नाही. कोलारला सापडलेले न्यूट्रिनो मात्र सूर्याचे नव्हते. ते तयार झाले होते आपल्या डोक्यावरच्या हवेत, जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर.

हवेत न्यूट्रिनो तयार होतात हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण आज दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात किंवा भूमध्य समुद्राच्या तळाशी बसून विश्वाच्या टोकाकडून आलेले कण शोधणाऱ्यांना रोज पडणारा प्रश्न हाच असतो: हा न्यूट्रिनो खरंच लांबून आलाय की इथल्या हवेतलाच आहे? कणावर पत्ता लिहिलेला नसतो. घरात झणझणीत फोडणीचा वास आला तर शेजारी काय शिजतंय हे सांगण्याआधी आपल्या गॅसवर काय ठेवलंय हे ठाऊक असावं लागतं. न्यूट्रिनोचंही तसंच आहे. आधी आपल्या हवेत किती, कुठल्या ऊर्जेचे आणि कुठल्या दिशेनं येणारे न्यूट्रिनो तयार व्हायला हवेत याचा चोख हिशोब मांडायचा. त्या हिशोबात न बसणारं जे उरेल, ते बाहेरचं.

हा हिशोब कसा करतात, तो कुठे अडतो आणि त्यावरून एक मोठा शोध कसा पक्का झाला, त्याची ही गोष्ट.

आधी कोलार. अंतराळातून सतत येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे हवेत म्युऑन नावाचे कण तयार होतात. ते इतके असतात की पसरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो. या पावसात न्यूट्रिनोचा माग काढणं अशक्य. म्हणून खोल जायचं. डोक्यावर जितका खडक जास्त, तितके म्युऑन कमी. टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकापासून कोलारच्या खाणीत वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन मोजले. सगळ्यात खोल ठिकाणी, म्हणजे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, दोन महिने यंत्र लावून ठेवलं तरी एकही म्युऑन आला नाही. दुसऱ्या एखाद्या प्रयोगात हे अपयश ठरलं असतं. इथे मात्र ती आनंदाची बातमी होती. इतकी शांत जागा असेल तर तिथे वाजलेली प्रत्येक घंटा महत्त्वाची.

मग एम. जी. के. मेनन, बी. व्ही. श्रीकांतन, व्ही. एस. नरसिंहम ही टीआयएफआरची मंडळी, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहम विद्यापीठ यांनी मिळून सुमारे २.३ किलोमीटर खोल यंत्रं बसवली. यंत्रांची रचना गमतीशीर होती. कण टिपणाऱ्या पट्ट्या जमिनीवर आडव्या न अंथरता भिंतीसारख्या उभ्या केल्या होत्या. कारण वरून चुकूनमाकून आलेला म्युऑन बहुतेक सरळ खाली येणार. आडव्या दिशेनं मात्र मध्ये इतका खडक असतो की तिथून म्युऑन येणं शक्यच नाही. आडवा म्युऑन दिसला, तर तो जवळच्याच खडकात न्यूट्रिनो धडकून जन्मलेला असणार. शिवाय कागदावरचं गणितही सांगत होतं की हवेतले जोरकस न्यूट्रिनो आडव्या दिशेनं जास्त येतात. ते का, हे पुढे येईलच.

ऑगस्ट १९६५ मध्ये कोलारचा निकाल छापून आला. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गटही याच मागावर होता. त्यांच्या यंत्रात पहिली नोंद फेब्रुवारीतच झाली होती, पण त्यांचा निबंध कोलारनंतर दोन आठवड्यांनी आला. दोन सोन्याच्या खाणी, दोन खंड आणि निकालात पंधरा दिवसांचं अंतर. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. आज तो परिसर सिनेमामुळे प्रसिद्ध आहे, हवेतले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा छापील निकालात आले ते तिथून, हे फारच थोड्यांना माहीत असतं.

हवेतला कारखाना

वैश्विक किरण हे नाव किरणांचं असलं तरी ते मुख्यतः कण आहेत. बहुतेक प्रोटॉन, काही हेलियमची अणुकेंद्रं आणि थोडी लोखंडापर्यंतची जड अणुकेंद्रं. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून उंच जाऊन त्यांचा शोध लावला. असा प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळला की त्यातून नवे कण उधळतात. त्यात पायॉन सगळ्यात जास्त आणि केऑन त्यामानाने कमी. हे दोघंही अल्पायुषी. विद्युतभारित पायॉनचं सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या २६ पट, केऑनचं त्याच्याही निम्मं. मरताना ते बहुतेक वेळा एक म्युऑन आणि एक न्यूट्रिनो मागे ठेवतात.

इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे, कारण प्रत्येक पायॉनला मरायची संधी मिळतेच असं नाही.

पायॉन हवेतूनच धावत असतो. वाटेत त्याची दुसऱ्या अणुकेंद्राशी टक्कर झाली तर त्याची ऊर्जा पुन्हा दहा कणांत वाटली जाते आणि जोरदार न्यूट्रिनो द्यायची संधी हुकते. म्हणजे प्रत्येक पायॉनपुढे दोन शक्यता: टक्कर होण्याआधी विघटन, नाहीतर विघटनाआधी टक्कर. ही शर्यत कोण जिंकतं यावर सगळा हिशोब उभा आहे.

आणि इथे आइनस्टाइन मध्ये येतात. कण जितका वेगवान, तितकं त्याचं घड्याळ आपल्या दृष्टीनं हळू चालतं. शर्यतीचे आकडे पाहण्याआधी ऊर्जेचं एकक लक्षात घेऊ. एक टीईव्ही म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. उडणाऱ्या डासात साधारण तेवढी ऊर्जा असते. डासासाठी ती किरकोळ, एका कणासाठी अफाट. एका टीईव्हीच्या शंभराव्या भागाएवढी ऊर्जा असलेला पायॉन सरासरी अर्धा-पाऊण किलोमीटर जाऊन विघटित होतो. म्हणजे टक्कर व्हायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. पण पूर्ण एक टीईव्हीचा पायॉन? त्याला विघटनाआधी सरासरी ५६ किलोमीटर जायचंय. एवढी हवाच नाही आपल्याकडे. खाली येता येता हवा दाट होत जाते आणि तो कुठेतरी धडकतोच.

लोकलचा प्रवास करणाऱ्याला हे सांगायला नको. सकाळी कर्जतला रिकाम्या डब्यात हातपाय पसरून बसता येतं. ठाण्यापर्यंत काय होतं ते वेगळं सांगायला नको. पायॉनही वरच्या विरळ हवेत असतानाच काय ते करून घेऊ शकतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो झपाट्यानं दुर्मीळ होतात. वैश्विक किरणांमध्येच ऊर्जा दहापट वाढवली की त्यांची तीव्रता साधारण ५०० पट घटते. त्यात पायॉन धडकून वाया जाण्याची भर पडल्यामुळे हवेतल्या न्यूट्रिनोंची तीव्रता दर दहापटीला सुमारे ५,००० पट घटते. हा फरक लक्षात ठेवा, कारण दक्षिण ध्रुवावरचा निकाल यावरच फिरला.

दुसरी गोष्ट दिशेची. डोक्यावरून सरळ खाली येणारा कण थोड्याच किलोमीटरमध्ये दाट हवेत घुसतो. पण क्षितिजाच्या बाजूनं तिरका येणारा कण बराच वेळ उंचावरच्या विरळ हवेतून जातो. त्याला विघटनाला वेळ मिळतो. म्हणून जोरदार न्यूट्रिनो आडव्या दिशेनं जास्त येतात. कोलारच्या उभ्या भिंती याच कारणामुळे उपयोगी पडल्या.

याचाच एक मजेशीर परिणाम म्हणजे न्यूट्रिनोंनाही ऋतू असतात. दक्षिण ध्रुवावर उन्हाळ्यात वरची हवा तापते, पसरते, विरळ होते. मग जास्त पायॉन आणि केऑन धडकण्याआधी विघटित होतात आणि म्युऑन-न्यूट्रिनोंची संख्या वाढते. हिवाळ्यात उलट. बर्फात दीड किलोमीटर खोल गाडलेल्या यंत्राला वर उन्हाळा आहे की हिवाळा हे असं समजतं.

केऑनचा भाव इथेच वधारतो. संख्येनं कमी असला तरी तो पायॉनपेक्षा जड आहे, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेला त्याचं घड्याळ कमी मंदावतं. एक टीईव्हीचा केऑन सरासरी साडेसात किलोमीटरमध्येच विघटित होतो. शिवाय तो आपल्या ऊर्जेतला मोठा वाटा न्यूट्रिनोला देतो, तर पायॉन बहुतेक ऊर्जा म्युऑनच्या पदरात टाकतो. म्हणून टीईव्हीच्या पातळीवर हवेतले बहुतेक न्यूट्रिनो केऑनचे असतात. अल्पसंख्य केऑन इथे सरकार चालवतो.

पानं किती उठणार?

लग्नाच्या आचाऱ्याला विचारा, किती पानांचा स्वयंपाक करायचा. तो आधी विचारेल वऱ्हाड किती. मग विचारेल वऱ्हाड कुठलं आणि पंगत कितीची. हवेतल्या न्यूट्रिनोंचा अंदाज बांधणाऱ्यांचंही तेच. वरून किती कण येतात, कुठले येतात आणि हवा कशी आहे.

वातावरणातल्या न्यूट्रिनोंची कल्पना १९६० मध्ये रशियात मार्कोव्ह आणि अमेरिकेत ग्रायझन यांनी मांडली. लगेचच झात्सेपिन आणि कुझ्मिन या रशियन जोडीनं त्यांचं गणित सविस्तर केलं. नंतर जपानचे मोरिहिरो होंडा, अमेरिकेतल्या बार्टोल संशोधन संस्थेचे थॉमस गेसर आणि टोडोर स्टानेव्ह अशांनी आयुष्याची बरीच वर्षं या आकडेमोडीत घातली. पूर्वी संगणकात एक एक प्रोटॉन हवेत सोडायचा, त्याच्या टकरीतून निघालेला प्रत्येक कण जमिनीपर्यंत पाठलाग करत न्यायचा आणि हे असंख्य वेळा करायचं, अशी पद्धत होती. ती अजूनही चालते, पण वेळखाऊ आहे. आनातोली फेडिनिच यांनी २०१५च्या सुमारास तयार केलेल्या एमसीईक्यू या प्रोग्रॅममध्ये सगळ्या कणांच्या संख्येची समीकरणं एकत्र सोडवली जातात आणि काम अगदी थोड्या वेळात होतं. त्यामुळे हवा बदलली तर काय, केऑन दहा टक्के जास्त निघाले तर काय, असे प्रश्न भराभर विचारता येतात.

या हिशोबाचं वजन जगाला कळलं ते १९९८ मध्ये. जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगात वरून येणारे म्युऑन-न्यूट्रिनो अपेक्षेइतके होते, पण पृथ्वीच्या पलीकडून पोटातून येणारे साधारण निम्मेच. पृथ्वी गोल आहे आणि हवा सगळीकडे सारखीच, त्यामुळे वर आणि खाली आकडा सारखा यायला हवा होता. निष्कर्ष एकच होता: न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. ताकाआकी काजिता यांना २०१५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. पण तो खेळ कमी ऊर्जेचा होता आणि तिथे वर-खालीची तुलना मदतीला होती. जास्त ऊर्जेला ही सोय नाही. तिथे आकडाच चोख लागतो.

बर्ट आणि अर्नी

दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब नावाची दुर्बीण आहे. तिला आरसा नाही, भिंग नाही. एक घन किलोमीटर बर्फात ८६ तारांवर ५,१६० प्रकाशसंवेदक टांगलेत, दीड ते अडीच किलोमीटर खोल. डिसेंबर २०१० मध्ये ती पूर्ण झाली. बर्फात न्यूट्रिनो धडकला तर निळसर प्रकाश चमकतो आणि संवेदक तो टिपतात.

इथल्या गर्दीचा अंदाज घ्या. आइसक्यूबमध्ये दिवसाला सुमारे साडेसत्तावीस कोटी नोंदी हवेतल्या म्युऑनच्या होतात. न्यूट्रिनोच्या नोंदी साधारण २७५. म्हणजे दहा लाखांत एक. आणि त्या २७५ मधले जवळजवळ सगळे आपल्याच हवेतले. बाहेरून आलेला एखादाच, तोही अंगावर काही खूण नसलेला.

२०१० ते २०१२ या काळातला सुमारे ६१६ दिवसांचा डेटा चाळताना दोन नोंदी अशा सापडल्या की सगळे सरसावून बसले. एकाची ऊर्जा सुमारे १,०४० टीईव्ही, दुसऱ्याची १,१४०. तोवर इतक्या ऊर्जेचा न्यूट्रिनो कोणीच पाहिला नव्हता. शास्त्रज्ञांनी त्यांची नावं ठेवली बर्ट आणि अर्नी. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमातली ही पात्रं. त्याचीच भारतीय आवृत्ती म्हणजे 'गली गली सिम सिम'.

आता खरा प्रश्न. हे दोघं कुठले? इथे तो जुना हिशोब पुढे आला. हवेत तयार झालेले कण जमेस धरले तर एवढ्या काळात अशा किती नोंदी व्हायला हव्यात? उत्तर आलं ०.०८२. म्हणजे असे बारा प्रयोग केले तर एखाद्यात एक नोंद. इथे तर एकाच प्रयोगात दोन.

कोणालाही वाटेल, झालं की सिद्ध. पण नाही. योगायोगानं असं घडण्याची शक्यता हजारात सुमारे तीन होती. कणभौतिकीत शोधाचा दावा करायला ही शक्यता काही लाखांत एक इतकी खाली यावी लागते. शिवाय तो ०.०८२ हा आकडा स्वतः किती खरा, हाही प्रश्न होताच. त्याच्यात चूक असली तर? हिशोबात एखादा पाहुणा मोजायचाच राहिला असेल तर?

असा एक पाहुणा खरोखर होता. त्याचं नाव चार्म.

प्रोटॉनच्या जोरदार टकरीत क्वचित चार्म क्वार्क असलेले कण निघतात, उदाहरणार्थ डी मेसॉन. त्यांचं आयुष्य पायॉनच्या तुलनेत हजारो पटींनी कमी. बर्टएवढी ऊर्जा असलेला डी मेसॉनसुद्धा सरासरी शे-दोनशे मीटरच्या आत विघटित होतो. त्याला टकरीची भीतीच नाही. त्यामुळे त्याच्यापासून झालेले न्यूट्रिनो ऊर्जा वाढली तरी पायॉनवाल्यांसारखे झपाट्यानं घटत नाहीत. ते वैश्विक किरणांच्या चालीनं, दर दहापटीला साधारण ५०० पटीच्या हिशोबानं घटतात. म्हणजे खालच्या ऊर्जेला चार्मचे न्यूट्रिनो पायॉन-केऑनच्या गर्दीत लपलेले असतात आणि ऊर्जा वाढत गेली की कधीतरी वरचढ ठरतात. ते नेमकं कुठे, याच्या वेगवेगळ्या गटांच्या उत्तरांत काही पटींचा फरक पडत होता. आणि ऊर्जेचा तो पट्टा म्हणजे जिथे विश्वाच्या टोकाकडून येणारे न्यूट्रिनो शोधायचे तोच. कापडावरचा डाग आणि नक्षी एकाच रंगाची असावी, तसा प्रकार.

बाकी डेटा पुन्हा नव्या पद्धतीनं तपासल्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये आइसक्यूबनं 'सायन्स' नियतकालिकात २८ नोंदी जाहीर केल्या. हवेतल्या म्युऑन आणि न्यूट्रिनोंच्या हिशोबानं त्यात सुमारे साडेदहा अपेक्षित होत्या. पुढच्या वर्षी तीन वर्षांच्या डेटात नोंदी ३७ झाल्या आणि योगायोगाची शक्यता नगण्य उरली. पण चार्मच्या शंकेवर नुसती संख्या पुरेशी नव्हती. तिथे एक वेगळीच युक्ती कामी आली.

हवेत तयार होणारा न्यूट्रिनो एकटा येत नाही. ज्या टकरीत तो जन्मतो, तिच्यातूनच म्युऑनही निघतात. ऊर्जा पुरेशी असेल तर ते म्युऑन दीड किलोमीटर बर्फ भेदून न्यूट्रिनोच्या बरोबरीनं यंत्रात पोचतात. मग ती नोंद सरळ बाद करायची. घरच्याच लग्नातला पाहुणा आहे, सोबत घरची माणसं दिसतायत. श्योनर्ट, गेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे गणित मांडलं होतं. याचा अर्थ असा की नोंदी चार्मच्या असत्या तर दक्षिणेकडून, म्हणजे ध्रुवाच्या डोक्यावरून येणाऱ्या बऱ्याचशा चाळणीत गळाल्या असत्या आणि उरलेल्या जास्त करून उत्तरेकडून, पृथ्वीच्या पोटातून आल्या असत्या. प्रत्यक्षात बहुतेक नोंदी डोक्यावरून आल्या होत्या आणि सोबत कोणीच नव्हतं.

बर्ट आणि अर्नी बाहेरचे आहेत, हे मानायला मग हरकत उरली नाही.

हिशोब अजून कच्चा कुठे आहे?

एक कच्ची बाजू वरून येणाऱ्या कणांची. १०० टीईव्हीचा न्यूट्रिनो द्यायला त्याच्या कितीतरी पट ऊर्जेचा प्रोटॉन लागतो, हजार टीईव्ही आणि पुढचा. असे कण इतके विरळ असतात की उपग्रहावरच्या छोट्या यंत्रात ते पुरेसे सापडत नाहीत. मग जमिनीवर मोठ्या क्षेत्रात संवेदक पसरून कणांच्या वर्षावावरून मूळ कण ओळखावा लागतो. तो प्रोटॉन होता की लोखंडाचं अणुकेंद्र, हे महत्त्वाचं असतं. लोखंडाच्या अणुकेंद्रात ५६ कण असतात आणि ऊर्जा त्यांच्यात वाटली जाते, त्यामुळे एकूण ऊर्जा तेवढीच असली तरी न्यूट्रिनो बरेच कमी ऊर्जेचे निघतात. भारताचा इथे थेट वाटा आहे. उटीला टीआयएफआरचा ग्रेप्स-३ हा प्रयोग नेमकं हेच मोजतो. २०२४ मध्ये त्यांनी दाखवलं की सुमारे १६६ टीईव्हीच्या आसपास प्रोटॉनची संख्या आधी समजत होते तितक्या वेगानं घटत नाही. वऱ्हाडाची यादीच थोडी बदलली म्हणायची.

दुसरी कच्ची बाजू टकरीतून काय निघतं याची. इथे जिनिव्हाचा एलएचसी मदतीला येईल असं वाटतं. तिथली १३ टीईव्हीची समोरासमोरची टक्कर ही हवेतल्या स्थिर अणुकेंद्रावर सुमारे ९०,००० टीईव्हीचा प्रोटॉन आदळण्याइतकी असते. ऊर्जेची कमी नाहीच. अडचण कोनाची आहे. हवेत महत्त्वाचे असतात ते नाकासमोर सरळ पुढे जाणारे कण, कारण ऊर्जा त्यांच्याकडेच असते. एलएचसीमध्ये नेमके हेच कण नळीच्या दिशेनं निघून जातात आणि बाजूला बसवलेल्या प्रचंड यंत्रांना दिसतच नाहीत.

म्हणून टकरीच्या जागेपासून ४८० मीटर पुढे, अगदी सरळ रेषेत, फेझर नावाचं एक लहानसं यंत्र बसवलं गेलं. २०२३ मध्ये त्यानं एलएचसीच्या टकरीतून निघालेले न्यूट्रिनो पहिल्यांदा पकडले, १५० हून थोडे जास्त. हे न्यूट्रिनो पायॉन, केऑन आणि चार्म यांचेच. म्हणजे आकाशात घडणारी गोष्ट जमिनीखालच्या बोगद्यात मोजायची सोय झाली.

दरम्यान भूमध्य समुद्रात आणखी एक प्रकार घडला. सिसिलीजवळ साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात केएम३नेट ही दुर्बीण बांधली जातेय. १३ फेब्रुवारी २०२३ ला तिच्या अर्धवट बांधलेल्या यंत्रातून एक म्युऑन जवळजवळ आडवा आरपार गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार तो देणाऱ्या न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २,२०,००० टीईव्ही होती. बर्ट-अर्नीच्या जवळपास दोनशे पट. आला आडवा, म्हणजे वाटेत इतका खडक आणि पाणी की हवेतला म्युऑन तिथवर पोचूच शकत नाही. आणि एवढ्या ऊर्जेचा न्यूट्रिनो हवेत तयार होण्याची शक्यता चार्म धरूनसुद्धा इतकी क्षुल्लक की त्याबद्दल वाद झालाच नाही. वाद आहे तो पुढचा: मग तो नेमका कुठून आला, आणि कितीतरी मोठ्या आइसक्यूबला इतक्या वर्षांत असा एकही का दिसला नाही.

आणि तो मोजायचा राहिलेला पाहुणा? आइसक्यूबनं इतक्या वर्षांच्या डेटात चार्मचे न्यूट्रिनो वेगळे काढायचा वारंवार प्रयत्न केलाय. ते हवेत तयार होतात याबद्दल कोणालाच शंका नाही. पण आतापर्यंत हाती लागलीये ती फक्त वरची मर्यादा: यापेक्षा जास्त नाहीत, एवढंच. पंगतीत ते बसलेत हे नक्की, पण त्यांचं पान अजून कोणाला दाखवता आलेलं नाही.